‘इथेच’ आणि ‘नेहमीच’

श्रावण सरता सरता सह्याद्रीच्या एखाद्या कड्याकाठी गवतात गुडघे टेकून बसलं की कंदीलपुष्प दिसतं. उभ्यानं ते नजरेत येत नाही. लहानशी नळी, तळाशी फुगलेली, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली. घरी आकाशकंदील केलेल्या माणसाला नाव वेगळं सांगावं लागत नाही. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत शिरते. नळीच्या आतले केस खाली वळलेले असल्यामुळे शिरणं सोपं, निघणं अवघड. फूल तिला काही काळ कोंडून ठेवतं. मग केस कोमेजतात आणि माशी परागांचे पुंजके घेऊन सुटते. पुढच्या फुलात ती शिरली तरच बी धरणार.

सेरोपेजिया हे या वंशाचं शास्त्रीय नाव; गावाकडे खरपुडी म्हणतात. भारतातल्या खरपुड्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती भारताबाहेर कुठेच उगवत नाहीत. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात सापडणारी सेरोपेजिया लॉई तर सह्याद्रीही फारसा ओलांडत नाही. अशा जातींना इंग्रजीत ‘एंडेमिक’ म्हणतात. मराठीत आपण ‘प्रदेशनिष्ठ’ हा फार सुंदर शब्द घडवला आहे आणि तो अधिक वापरला जावा असं मला मनापासून वाटतं.

या शब्दाचा सगळा अर्थ मराठीतल्या एका ‘च’मध्ये मावतो. कडुनिंब इथलाही आहे, म्यानमारचाही आहे, तो देशी. शिंदळ माकुडी इथलीच आहे, ती प्रदेशनिष्ठ. शिवनेरीसारख्या गडांच्या कड्यांवर, कातळाच्या भेगांत ही मांसल देठांची वनस्पती तग धरते आणि पावसाळ्यात तिला चांदणीसारखी, गडद तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची फुलं येतात. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी 1865 साली तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं: फ्रेरिया इंडिका. गव्हर्नर गेले, राज्य गेलं, माकुडी त्याच कड्यांना धरून आहे.

इथे काही घोटाळे हमखास होतात. पहिला गुलमोहराचा. पुण्यातल्या कितीतरी रस्त्यांवर तो दिसतो, तरी तो मादागास्करचा प्रदेशनिष्ठ वृक्ष आहे. माणसानं लावलेलं यात धरत नाहीत; झाड आपल्या आपण कुठे वाढतं तेवढंच मोजायचं. दुसरा घोटाळा दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ यांचा. पांढऱ्या पाठीचं गिधाड आज संपत आलं आहे, पण त्याचा मुलूख दक्षिण आशियापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला. म्हणजे दुर्मीळ खरं, प्रदेशनिष्ठ नव्हे. शेकरू भीमाशंकरला सहज दिसतं, पण भारताबाहेर नाही. ते महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे म्हणून महाराष्ट्रापुरतं आहे असंही नाही. सातपुड्यात आहे, केरळातही आहे. म्हणून ‘प्रदेशनिष्ठ’ म्हटलं की लगेच ‘कुठला प्रदेश?’ हे विचारायला हवं. देश, डोंगररांग की एकच गड?

आणि ही हद्द माणसाच्या शोधावरही ठरते. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला पक्षी मध्य भारतापुरताच. 1884 नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, तो नामशेष झाला असंच धरून चालले होते. 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात तो पुन्हा दिसला, पुढे मेळघाटात सापडला आणि 2014 मध्ये तर मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यात. तो ‘इथेच’ होता, पण ‘इथे’ म्हणजे कुठवर हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

मूळ शब्द मात्र रानातला नाही, दवाखान्यातला. ग्रीक ‘एन’ म्हणजे आत आणि ‘डेमॉस’ म्हणजे लोक. एखाद्या वस्तीत मुक्काम ठोकून बसलेल्या रोगासाठी वैद्य तो वापरत. ऑग्युस्तां द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं 1820 मध्ये तो त्यांच्याकडून उचलला आणि वनस्पतींना लावला. तिथून वाटा फुटल्या. वनस्पतीच्या बाबतीत जोर ‘इथेच’वर आला, रोगाच्या बाबतीत तो ‘नेहमीच’वर राहिला. गडचिरोलीत हिवताप एंडेमिक आहे म्हणजे तो तिथे कायमचा आहे. तो आफ्रिकेतही आहे, त्यानं काही बिघडत नाही. ‘च’ जागेवरून काळावर सरकला.

माझ्या आजीच्या पोटरीवर एक वळ होता. नारूचा. गावची बारव पायऱ्यांची. बायका पाण्यात उतरून घागर भरत. दुखऱ्या पायाच्या फोडातून नारूची पिल्लं पाण्यात उतरत, सूक्ष्म जलकीटक ती गिळत, आणि तेच पाणी पुन्हा घराघरांत प्यायलं जाई. वर्षभरानं दोऱ्यासारखा जंत कातडीतून डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा, तुटला की पाय सुजून अंथरूण धरायचं. आजी हे सगळं पावसापाण्यासारखं सांगायची, कारण तिच्या गावात ते दर वर्षीचंच होतं. एंडेमिक म्हणजे काय, ते मला त्या वळाकडे बघून कळलं. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले, घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं गेलं. 1996 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला, 2000 साली भारत नारूमुक्त ठरला.

म्हणूनच 2022 च्या सुमारास ‘कोविड आता एंडेमिक होतोय’ हे वाक्य सुटकेच्या सुरात ऐकू यायचं तेव्हा मी अस्वस्थ व्हायचो. त्या शब्दातला ‘एंड’ इंग्रजीतला शेवट नव्हे. देवीचा रोगही शतकानुशतकं या देशात एंडेमिकच होता आणि लाखोंचे जीव घेत होता. तो 1975 मध्ये संपला, कारण त्याची सवय करून घ्यायला लोकांनी नकार दिला. रोगांसाठी ‘प्रदेशनिष्ठ’ वापरूच नये असं माझं मत आहे. ‘ठाण मांडलेला रोग’ म्हणावं. ऐकणाऱ्याला उठवायचं काम तरी सुरू होतं.

निष्ठा हा शब्द दीपकाडीसारख्यांसाठी राखावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, जांभ्याच्या खळग्यांत साठलेल्या बोटभर मातीत तिचे कंद असतात. अशा सड्यांची सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराबा’ म्हणून नोंद असते. मे महिन्यात पाय भाजेल असा काळा कातळ, एक पातं दिसत नाही. मृगाच्या सरी पडतात आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच कातळावर पांढरे तुरे उभे राहतात.