अकरा वाजता घरी कोण असतं?

सकाळी ६. स्वारगेटहून भोरकडे जाणारी एसटी. एम.ए.च्या मुलांना प्रश्नावलीची पूर्वचाचणी घ्यायचीय. ‘मॅडम, एवढ्या पहाटे कशाला?’ ही कुरकुर दर वर्षीची. यादृच्छिक नमुन्याची व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि दार अकराला वाजवलं, तर भेटतात म्हातारीकोतारी माणसं आणि पारावरचे पुढारी. अर्धा नमुना घड्याळच निवडतं.

८.१५. भातलावणीचे दिवस, बायका नऊच्या आत शेतावर जाणार. पडवीत विद्यार्थिनी विचारते, ‘मावशी, तुम्ही काम करता का?’

‘न्हाई गं, मी घरीच असते.’

पेन ‘नाही’च्या चौकटीवर टेकलं. कोपऱ्यात इरलं निथळतंय, मावशींच्या घोट्यांवर चिखल वाळलाय. मी गप्प. पोरगीच थबकते. ‘बरं, काल उठल्यापासून काय काय केलंत?’ मग शेण, धारा, भाकऱ्या, दिवसभर लावणी, येताना वैरणीचा भारा. ‘पण ते घरचंच की!’

दुखणं जुनंच आहे. १९९१च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला ‘शेतावरच्या किंवा घरच्या धंद्यातल्या बिनमोबदल्याच्या कामासह’ अशी पुस्ती जोडावी लागली, ती याचसाठी.

१०.३०. बांधावर मुलाखती. महिन्याच्या तेलाचा खर्च कुणाला सांगता येत नाही, आठवड्याचा येतो. मग दोन्ही विचारू, असं एक जण सुचवतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५व्या फेरीत (१९९९-२०००) खाण्यापिण्यासाठी नेमकं तेच झालं. ७ आणि ३० दिवसांचे प्रश्न एकाच घरात शेजारीशेजारी विचारले, एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडल्याची शंका आली, आणि देशातली गरिबी नक्की किती घटली यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत राहिले. आम्ही निम्म्या घरांना एक, निम्म्यांना दुसरा, असं ठरवतो.

१. पिठलं-भाकरी.

२.३०. देवळाच्या ओवरीत तपासणी. एकाचे सगळे अर्ज कोरीव, स्वच्छ, आणि प्रत्येक विधानापुढे ‘पूर्णतः सहमत’. विधानं तरी कशी? ‘मुलींना शिकवावं.’ दारी आलेल्या शहरी पोराला यावर नाही कोण म्हणेल? गुण कमीच दिले. दुसरीचा कागद खाडाखोडीने भरलेला. समासात लिहिलंय : ‘सासरे शेजारी येऊन बसले, यापुढची उत्तरं त्यांचीच.’ तिला सर्वाधिक. भरलेल्या अर्जांचा गठ्ठा मोजून गुण देणं सोपं, म्हणूनच ती खोड लवकर लागते.

५.३०. बंद घरांची यादी. ‘शेजारचं घर घेऊ का?’ नाही. कुलूप लावून मजुरीला जाणारी घरंच गळाली, तर गाव आहे त्यापेक्षा सुखवस्तू दिसेल. शेजारीण सांगते, ती माणसं साडेसातनंतर परततात. तोवर परतीची एसटी निघून गेलेली असणार. मुख्याध्यापकांकडे शाळेच्या खोलीची किल्ली मागायला दोघांना पिटाळलंय.