आधी निर्णय, मग बीपी

‘५ वर्षांचा मुलगा, वजन १६ किलो. तासाभरापूर्वी सरपण काढताना हाताला काहीतरी चावलं. दोन उलट्या झाल्या, अंग घामाने भिजलंय, हातपाय गार.’ एवढं सांगून मी थांबतो. आमच्या बालरोग विभागात केसवरून शिकवायची हीच रीत. केस वॉर्डातली, नाव-गाव तेवढं गाळलेलं.

‘काय कराल?’ हे आधी पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारायचं. सीनियर बोलला की ज्युनियर त्याचीच री ओढतात.

‘सर, शॉक वाटतोय. सलाइनचा बोलस देईन.’

उत्तर फळ्यावर जसंच्या तसं लिहायचं. शाबासकी नाही, रागावणंही नाही.

‘त्याआधी काय बघाल?’

‘बीपी.’

‘१४०/१००.’

वर्गात चुळबुळ. हातपाय गार आणि बीपी चढलेलं? दुसऱ्या वर्षाचा एक जण म्हणतो, ‘सर, विंचू!’

आता ‘का’ विचारायचं. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट उठतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो. अशा वेळी भराभर सलाइन चढवलं तर फुफ्फुसांत पाणी साठण्याचा धोका वाढतो. औषध प्राझोसिन, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. हिशेब फळ्यावर मांडायला लावतो: ४८० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमची साधी गोळी जवळजवळ अर्धी. ‘आणि सिस्टरांना काय सांगाल?’ मुलाला झोपवूनच ठेवा; पहिल्या डोसनंतर बीपी एकदम घसरू शकतं.

प्रतिविषाचा विषय तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट काढते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणातल्या रुग्णांवर उपचार करता करता प्राझोसिनचा उपयोग जगापुढे मांडला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हेही बावसकर दांपत्याच्याच २०११ सालच्या अभ्यासातून दिसलं. आपल्याच मातीतलं हे संशोधन केसच्या ओघात आलं की पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं.

डोस पुस्तकात सापडतो, मोबाइलवरही सापडतो. रात्री दोन वाजता, माहिती अर्धवट असताना काय करायचं आणि काय थांबवायचं, ते मात्र चारचौघांत निर्णय बोलून दाखवल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणून शिकवणाऱ्यांना एकच विनंती: बीपीचा आकडा सांगण्याआधी समोरच्याचा निर्णय ऐकून घ्या.