सुरतचं जेवण, करडांचंही!

जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, असं गुजराती माणूस म्हणतो. यातला पहिला अर्धा भाग सुरती शेळीनं फारच मनावर घेतलाय. ही पांढरी शेळी दुधाला चांगली, पायपिटीला मात्र नाखूश. म्हणून तिला बांधून गव्हाणीत आयतं वाढणंच परवडतं. प्रश्न उरतो तो तिच्या वाढत्या करडांचा, आणि मेंढ्या असतील तर कोकरांचाही: मुरघास कशाचा, आणि वर खुराक किती?

सुरतजवळच्या बारडोलीकडे ऊसतोड सुरू झाली की वाढ्यांना, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांना, तोटा नसतो. वाढ्यांत साखर भरपूर, त्यामुळे मुरघास झकास आंबतो. प्रथिनं मात्र जेमतेम ५-६ टक्के! त्यात वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. नुसत्या वाढ्यांवर करडाचं पोट भरतं, अंग भरत नाही. इथे पेंडीला हात आखडून चालत नाही.

मक्याची गोष्ट निराळी. दाणा चिकात असताना कापलेल्या मक्याच्या मुरघासात स्टार्च आधीच असतो, म्हणजे खुराकातलं धान्य कमी करता येतं. पेंड तरीही लागतेच.

मग प्रथिनांनी गच्च लसूणघासच का मुरवू नये? कारण त्यात साखर कमी. आम्ल पुरेसं तयार होत नाही आणि घास सडतो. असा चारा आम्ल शिंपडून टिकवण्याची युक्ती फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेन यांनी काढली आणि १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. होय, चाऱ्यासाठी नोबेल!

बकरी ईदेआधी बोकड फुगवायच्या नादात धान्याचा मारा करणारे बरेच. एकदम जास्त धान्य गेलं की कोठीपोट आंबतं, जनावर रवंथ सोडतं. नर करडांना मुतखड्याचा त्रास होतो तो वेगळाच. खुराक हळूहळू वाढवावा, हे जुन्या गुराख्याचंच शहाणपण.

कोकरांना गाईंचं खनिज मिश्रण चुकूनही देऊ नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठून जीव घेतं. शेळी तेवढं सोसते. आणि बुरशी आलेला मुरघास कितीही महागात पडलेला असो, सरळ उकिरड्यावर टाका. त्यातल्या लिस्टेरिया जंतूनं मेंदूला सूज आलेलं कोकरू गोल गोल फिरायला लागलं, की डॉक्टरला बोलवायला बहुतेकदा उशीर झालेला असतो.