थुंकी काय सांगते?

माझ्या दवाखान्यात एक शेतकरी काका आले. हिरड्यांतून रक्त येत होतं, दोन दात हलत होते. हिरड्या तपासून मी विचारलं, "काका, साखर कधी तपासली होती?" ते म्हणाले, "सुईची भीती वाटते, डॉक्टर." शेवटी रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर २१०. मधुमेहाची सीमा आहे १२६.

हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना खतपाणी घालतात. साखर वाढली की हिरड्यांची सूज बळावते आणि सुजलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. दंतसंशोधक हॅरल्ड लो यांनी १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं, ते यामुळेच.

सुईला घाबरणाऱ्यांसाठी लाळेची तपासणी आशादायक आहे. लाळेत ९९ टक्के पाणी असलं, तरी उरलेल्या अंशात बरंच काही दडलेलं असतं. हिरड्यांचे तंतू पोखरणारं एमएमपी-८ हे विकर तिच्यात सापडतं. हेलसिंकीच्या संशोधकांच्या कामातून आलेल्या चाचणीत ते काही मिनिटांत कळतं. मधुमेहात लाळेतली साखरही वाढते, पण ती रक्तातल्या साखरेपेक्षा कितीतरी कमी असते आणि नुकतं खाल्लेलं अन्न, तोंडातले जंतू यांनी बदलते. म्हणून आज लाळ फक्त इशारा देते, मधुमेहाचं निदान रक्तानेच होतं.

ब्रश करताना रक्त दिसलं, तर ते थुंकून विसरू नका. दात दाखवा आणि साखरही तपासून घ्या.