यंत्र घेण्याआधी गाडी पाहा

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

सातपाटीच्या बंदरावर माझे अर्धे आयुष्य ब्रश हातात धरून गेले. बोटींवर नावे आणि क्रमांक रंगवायचे, टेम्पोवर मालकाचे नाव काढायचे, मागच्या फळीवर एखादा सरंगा रंगवायचा, हा माझा धंदा. २०२३ साली पापलेट आपला राज्यमासा झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या गावातल्या गाड्यांवर तो दिमाखात मिरवतो आहे.

पालघर २०१४ साली जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, दुकाने वाढली. बोईसर-तारापूरचे कारखाने तर आधीपासून होतेच. गिऱ्हाईक आता रंगवलेली नव्हे, 'छापलेली' गाडी मागू लागले. गाडीवर चित्र छापलेला चिकट कागद, म्हणजे व्हायनल, अंगरख्यासारखा चढवायचा. मुलगा म्हणाला, "बाबा, आपणच मोठा प्रिंटर घेऊ या. बँक कर्ज देते आहे." त्याच्या आईने बांगड्या काढून देण्याचीही तयारी दाखवली. तेव्हा मला भीती वाटली, आणि मी शिकायला बसलो. त्यातून जे समजले ते आज सांगतो.

पण त्याआधी आमची एक फजिती सांगायला हवी. ओळखीच्या एका नाखव्याच्या बर्फाच्या टेम्पोचे काम आम्ही बाहेरून छापून आणले. घाई होती, म्हणून छपाई आली त्याच संध्याकाळी तिच्यावर पारदर्शक थर, म्हणजे लॅमिनेशन, चढवले आणि दुसऱ्या दिवशी गाडीला लावून दिले. पहिल्याच पावसाळ्यात कडा सुटल्या, फुगे आले. नाखवा दारात येऊन म्हणाला, "अरे, माझ्या गाडीने कात टाकली की!" पदरचे पैसे घालून ते काम आम्ही पुन्हा करून दिले. चूक छापणाऱ्याची नव्हती, आमची होती. शाईचा स्वभावच आम्हाला ठाऊक नव्हता.

म्हणून प्रिंटर निवडताना पहिला प्रश्न शाईचा. गाड्यांच्या कामात मुख्यतः तीन प्रकार भेटतात. पहिली इको-सॉल्व्हंट. हिच्यात द्रावक असते, ते व्हायनलमध्ये किंचित मुरते, म्हणून रंग घट्ट बसतो आणि कागद ताणला तरी सहसा तडकत नाही. पण हे द्रावक उडून जायला वेळ लागतो. छपाई सैल गुंडाळून किंवा पसरून साधारण २४ ते ४८ तास ठेवावी लागते. नाहीतर ते आत कोंडून राहते आणि चिकटपणा बिघडवते. आमचे नेमके तेच झाले होते. दुसरी लॅटेक्स. ही पाण्यावर आधारलेली शाई २००८ च्या सुमारास बाजारात आली. यंत्रातल्या उष्णतेने ती तिथेच सुकते, त्यामुळे लगेच लॅमिनेशन करता येते, वासही कमी. मात्र उष्णतेसाठी वीज जास्त लागते. तिसरी यूव्ही शाई अतिनील प्रकाशात क्षणात कडक होते. सपाट पाट्यांना ती उत्तम. पण गाडीच्या वळणांवर ताणायची असेल तर लवचिक यूव्ही शाईच हवी, साधी असेल तर ती तडकते.

एक गैरसमजही दूर करतो. चौकातले मोठे फ्लेक्स छापणारी दहा फुटी यंत्रे दिसायला जबरदस्त असतात, पण ती लांबून पाहायच्या कामासाठी असतात. गाडीचे चित्र माणूस हातभर अंतरावरून पाहतो. गाड्यांसाठी ५४ किंवा ६४ इंची यंत्र पुरते, कारण व्हायनलचे रोल बहुधा ५४ किंवा ६० इंच रुंदीचे मिळतात. बाजू सहा फूट उंच असेल तर जोड द्यावाच लागतो. आडवा जोड कौलांसारखा द्यायचा, वरचा तुकडा खालच्यावर. उभ्या जोडात पुढचा तुकडा मागच्यावर येईल असे पाहायचे, म्हणजे वाऱ्याला कड सापडत नाही.

दुसरा प्रश्न कागदाचा. प्रिंटर कितीही भारी असला तरी व्हायनल चुकले की सारे फुकट. रुळांखाली लाटून केलेले कॅलेंडर्ड व्हायनल स्वस्त असते, पण ते ताणले की पुन्हा आकसायला बघते. सपाट पत्र्यावर ते चालते. द्रवरूपात ओतून केलेले कास्ट व्हायनल पातळ असते, खळग्यांत आणि रिव्हेटांवर बसते, बसवल्यावर हीटगनने नीट तापवले की तिथेच राहते. लॅमिनेशनही त्याच जातीचे घ्यावे. कास्टवर कॅलेंडर्ड चढवले तर वरचा थर आकसून खालच्याला ओढतो.

आणि सफाई! मासळीच्या गाडीवर तेलकटपणा आणि मीठ असतेच. ती साबणाने धुऊन, कोरडी करून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय हात लावू नये. टपावर आणि बॉनेटवर ऊन सरळ पडते. तिथला रंग बाजूंपेक्षा लवकर उडणार, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. काचांवर मात्र हौस करू नये. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कडक निर्णय दिला होता. पूर्ण गाडीचा रंग बदलणार असेल तर आधी आरटीओत चौकशी करावी, कारण मूळ रंग आरसीवर नोंदलेला असतो.

आता तिसरा आणि खरा प्रश्न, हिशेबाचा. दहा फूट लांब, सहा फूट उंच डब्याच्या दोन बाजू म्हणजे १२० चौरस फूट, मागचे दार तीस, एकूण १५०. समजा, कर्जाचा हप्ता, वीज, दुरुस्ती मिळून महिन्याला तीस हजार रुपये जातात आणि शाई-कागद वजा जाता चौरस फुटामागे पंचवीस रुपये उरतात. मग १२०० चौरस फूट, म्हणजे अशा आठ गाड्या केल्यावर फक्त खर्च भरून निघतो. आमच्याकडे महिन्याला तीन येत होत्या. त्यात प्रिंटर रिकामा ठेवून चालत नाही. शाईची मुंडकी सुकून तुंबतात, ती साफ करायला शाई वाया जाते, आणि मुंडके बदलायचे म्हणजे मोठा खर्च. आमच्या खाऱ्या, दमट हवेत बंद खोली, एसी, चांगले अर्थिंग आणि वीज सांभाळणारे उपकरण हेही त्या किमतीतच धरायला हवे. इंजिनिअर किती तासांत येईल, हे विक्रेत्याला विचारावे आणि त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाकडून खात्री करून घ्यावी.

हा कागद मी मुलापुढे ठेवला. तो दोन दिवस बोलला नाही. मग स्वतःच म्हणाला, "बाबा, आधी कटिंग प्लॉटर आणि लॅमिनेटर घेऊ. छपाई बोईसरहून आणू." तसेच केले. अक्षरे कापायची, चित्र बाहेर छापायचे, बसवायचे आपण. बांगड्या हातातच राहिल्या. तिसऱ्या वर्षी महिन्याला दहा गाड्या होऊ लागल्या तेव्हा ६४ इंची इको-सॉल्व्हंट यंत्र दुकानात आले. येण्याआधी त्याच्यावर आमच्याच एका टेम्पोचे चित्र, आमच्याच व्हायनलवर छापून घेतले, तो तुकडा दोन दिवसांनी लॅमिनेट केला आणि रिव्हेटवर ताणून पाहिला. विक्रेत्याच्या गुळगुळीत नमुन्यावर भरवसा ठेवला नाही.

लाकडी बोटींवर मात्र मी अजून रंगानेच लिहितो. ओबडधोबड, ओलसर लाकडावर व्हायनल धरत नाही. पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्याला लागल्या की मुलगा दुकानात यंत्र सांभाळतो आणि मी ब्रश घेऊन बंदरावर जातो. त्या नाखव्याचा टेम्पोही रोज समोरून जातो. दुसऱ्यांदा लावलेले चित्र अजून शाबूत आहे. जाता जाता तो हॉर्न मात्र जरा जास्तच वाजवतो.