स्मार्टफोनचा आवाज : स्वस्त आणि महाग

काही हजार रुपयांना मिळणारा स्मार्टफोन आणि लाखाच्या घरात किंमत असलेला स्मार्टफोन शेजारी शेजारी ठेवून त्यांवर एकच गीत लावले, तर दोहोंच्या आवाजांतील अंतर बहुधा सामान्य श्रोत्यासही कळते. महाग फोनचा आवाज भरदार वाटतो. स्वस्त फोनचा पातळ व चिरका. परंतु दोन्ही फोनांना एकच तारेचा इअरफोन आळीपाळीने जोडून तेच गीत ऐकले, म्हणजे हे अंतर पुष्कळसे नाहीसे होते. असे का व्हावे? ह्याचे उत्तर हवे असेल, तर फोनमध्ये साठविलेल्या गीताचा कानापर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहिला पाहिजे.

अंकांपासून विजेपर्यंत

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे जलद चढउतार. ह्या चढउतारांची मापे घेऊन ती अंकांच्या रूपाने साठविलेली असतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी दर सेकंदास ४४,१०० मापे आणि प्रत्येक मापासाठी ६५,५३६ पायऱ्या असे प्रमाण ठरले होते. निरोगी तरुण कानास दर सेकंदास सुमारे २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. आणि कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक मापे घेतली, म्हणजे त्या ध्वनीची यथार्थ नोंद होते. तेव्हा हे प्रमाण मानवी कानास पुरेसे आहे.

ह्या अंकांचे पुन्हा विद्युत्‌दाबात रूपांतर करणाऱ्या चिपला आपण परिवर्तक म्हणू. महाग फोनच्या जाहिराती पुष्कळदा तिच्याकडेच बोट दाखवितात. २०१६ साली एलजी कंपनीने आपल्या व्ही-२० ह्या फोनमध्ये चार परिवर्तकांची रचना बसविली होती. त्याच वर्षी ॲपल कंपनीने आयफोन ७ मधून इअरफोन जोडण्याचे गोल भोक काढून टाकले आणि त्याऐवजी एक आखूड जोडतार दिली. परिवर्तक आणि विजेची शक्ती वाढविणारा वर्धक ही दोन्ही त्या तारेच्या टोकाशी इवल्याशा जागेत सामावलेली होती, आणि तिची सुटी किंमत अमेरिकेत ९ डॉलर होती. ह्यावरून ध्यानात येईल की, चांगले रूपांतर ही आता दुर्मिळ वस्तू राहिलेली नाही.

तथापि वर्धकात थोडाफार फरक उरतो. इअरफोनचा विद्युत्‌रोध पुष्कळदा १६ किंवा ३२ ओहम असतो. वर्धकाचा स्वतःचा रोध त्याच्या आठव्या हिश्श्याहून अधिक नसावा, असा व्यावहारिक नियम आहे. तो फार वाढला, तर काही इअरफोनांत खालच्या व वरच्या स्वरांचा तोल बिघडतो. बिनतारी इअरफोनात मात्र परिवर्तक आणि वर्धक इअरफोनातच असतात. फोन केवळ अंक पाठवितो.

विजेपासून हवेपर्यंत

खरा खर्च येतो तो हवा हलविण्यास. ध्वनिक्षेपकात चुंबकाजवळ तारेचे एक वेटोळे असते व त्याला पातळ पडदा जोडलेला असतो. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की पडदा मागेपुढे हालतो. कंपनसंख्या निम्मी झाली, तर तेवढाच ध्वनिदाब निर्माण करण्यासाठी पडद्यास चौपट हवा सरकवावी लागते. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार दर सेकंदास सुमारे ७० वेळा कंप पावते. ७०० कंपनांच्या स्वराशी तुलना केली, तर येथे शंभरपट हवा सरकविणे आले. नखाएवढ्या पडद्याला हे साधावे कसे?

कोणत्याही फोनला ते पूर्णपणे साधत नाही. तरीही खर्ज ओळखू येतो, ह्याचे कारण मूळ कंपनांबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही उमटतात आणि त्यांवरून मेंदू मूळ स्वर ताडतो. डग्ग्याची घुमारी मात्र हरवते ती हरवतेच.

महाग फोनचा निर्माता ही उणीव शक्य तेवढी भरून काढतो. तो पडदा मोठा घेतो; त्यामागे स्वतंत्र हवाबंद कप्पा ठेवतो. काही फोनांत ह्या कप्प्यात झिओलाइट ह्या सच्छिद्र खनिजाचे कण भरतात. दाब वाढताच ते हवेचे रेणू धरून ठेवतात व कमी होताच सोडतात. त्यामुळे लहान कप्पा मोठ्यासारखे काम देतो. शिवाय वेटोळे किती तापले आणि पडदा किती सरकला ह्याचा अंदाज घेत वर्धक त्याला सुरक्षित मर्यादेपर्यंत चालवितो. वरच्या बाजूस दुसरा ध्वनिक्षेपक असला, की डाव्याउजव्या बाजूंचे आवाजही वेगळे ऐकू येतात.

आवाज टिपताना

बोलणाऱ्याचा आवाज टिपण्याच्या कामीही भेद असतो. फोनच्या दोन टोकांस दोन मायक्रोफोन असतील आणि त्यांत १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर एका टोकाच्या दिशेने आलेला ध्वनी दुसऱ्या टोकाशी सुमारे ०.४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ह्या कालभेदावरून आणि आवाजाच्या लहानमोठेपणावरून वक्त्याचा शब्द कोणता व रस्त्यावरचा गोंगाट कोणता, हे फोन ताडू शकतो. एकच मायक्रोफोन असलेल्या स्वस्त फोनला हा आधार नसतो.

निवड कशी करावी?

ध्वनिमुद्रित पाठ ऐकणारा विद्यार्थी असो, वा ग्रंथालयात श्राव्य पुस्तकांवर अवलंबून असलेला दृष्टिहीन वाचक असो, त्यास अधिक किमतीचा फोन अनिवार्य नाही. ‘स’ आणि ‘श’ ह्यांसारखी व्यंजने परस्परांपासून ओळखू येतात ती मुख्यतः वरच्या कंपनांवरून. साधा परंतु कानात नीट बसणारा इअरफोन ती पुरेशी स्पष्ट ऐकवितो. चार जणांनी एकत्र ऐकावयाचे असेल, तर फोनवर अधिक पैसा घालण्यापेक्षा एखादा मोठा ध्वनिक्षेपक जोडणे श्रेयस्कर. कारण हवा हलविण्यास आकार लागतो.

एक पथ्य मात्र स्वस्त-महाग दोहोंस सारखेच लागू आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ह्यांनी २०१८ साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढांनी ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबेल आहे. आवाज ३ डेसिबेलने वाढविला, की सुरक्षित वेळ निम्मी होते. बिघडलेला फोन बदलता येतो. अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या संवेदी पेशी पुन्हा उगवत नाहीत.