भालचंद्र पेंढारकर : नट आणि निर्माता

महाड-पोलादपूरकडच्या विद्यार्थ्यांना गावच्या जत्रेतील नाटक परिचित असेल. वर्गणी जमते, प्रयोग होतो आणि त्या रात्रीचा खर्च तिथेच भागतो. व्यावसायिक रंगभूमीवर मात्र कोणीतरी एकाने तोटा अंगावर घ्यावा लागतो. हा 'कोणीतरी' म्हणजेच निर्माता. नाट्येतिहासाच्या पुस्तकांत नाटककार आणि नट यांना जेवढी जागा मिळते, तेवढी त्याला मिळत नाही.

केशवराव भोसले यांनी 1908 मध्ये हुबळी येथे 'ललितकलादर्श' ही मंडळी स्थापन केली. 1921 मध्ये त्यांचे अकाली निधन झाल्यावर बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली आणि मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले. त्या काळी मंडळी हे एक बिऱ्हाडच असे. नट, साथीदार, पडदे, स्वयंपाकी अशा सगळ्यांचा भार मालकावर असे. बोलपट आल्यावर हा संसार परवडेनासा झाला. 1937 मध्ये बापूराव गेले, तेव्हा त्यांचे चिरंजीव भालचंद्र (जन्म 1921) अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते.

रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे गायनाची तालीम घेतलेल्या भालचंद्रांनी 1942 मध्ये वडिलांच्याच 'सत्तेचे गुलाम'ने संस्था पुन्हा उभी केली. केवळ गायक-नट म्हणून दुसऱ्यांच्या नाटकांत काम करणे त्यांना सोपे गेले असते. वारशाने आले होते ते मुख्यतः नाव. जुन्या मंडळीचे बिऱ्हाड परत आणता येण्याजोगे नव्हते. पुढे नटांना मासिक पगाराऐवजी प्रयोगागणिक 'नाइट' देण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे निर्मात्याचा कायमचा खर्च घटला, पण प्रत्येक नव्या संहितेची पारख अधिक जोखमीची झाली.

ही पारख त्यांच्या निवडीतून दिसते. बाळ कोल्हटकरांचे 'दुरितांचे तिमिर जावो' (1957) हे कौटुंबिक नाटक. त्यात त्यांनी दिगूची भूमिका केली. विद्याधर गोखले यांचे 'पंडितराज जगन्नाथ' (1960) आणि 'जय जय गौरीशंकर' (1966) यांनी संगीत नाटकाला नवा प्रेक्षक मिळवून दिला. संगीत नाटक संपले असे म्हटले जात असताना ही नाटके आली, हे ध्यानात घ्यावे.

त्यांचे आणखी एक काम अभ्यासकांना विशेष मोलाचे वाटेल. अनेक नाटकांचे त्यांनी ध्वनिमुद्रण करून ठेवले. छापील संहितेत पद असते, पण ते गाताना नट किती वेळ रेंगाळला हे नसते. 2015 मध्ये भालचंद्रांचे मुंबईत निधन झाले.